पुसदचे मत, महाराष्ट्राचा आकडा

माझ्या वडिलांची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, अडत दुकानात हिशेबाला वापरतात तशी. वडील पुसदला एका अडत्याकडे दिवाणजी होते. कापसाच्या गाड्यांचे वजन, भाव, उचल हे सगळे त्या वहीत आहेच; पण मधल्या काही पानांवर त्यांनी निवडणुकांचे निकालही उतरवून ठेवले आहेत. त्यातल्या एका पानावर तारीख आहे २० ऑगस्ट १९६९. खाली तीन ओळी : गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली : गिरी ४,२०,०७७. रेड्डी ४,०५,४२७. पानाच्या तळाशी, हिशेबात बाकी काढतात त्या जागी, त्यांनी लिहिले आहे ‘पुसद’, आणि पुढची जागा कोरी आहे.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी शेजारच्या घरातला रेडिओ ओट्यावर आणून ठेवला होता आणि गल्लीतली पंधरावीस माणसे भोवती बसली होती. बातम्या संपल्या आणि वडील व माझे मामा यांच्यात वाद जुंपला. पुसदचे आमदार म्हणजे खुद्द मुख्यमंत्री वसंतराव नाईक. त्यांचे मत कुणाला पडले असेल? मामा म्हणत, ‘रेड्डीले, दुसरं कोनाले? पक्षाचा उमेदवार होता ना तो.’ वडील म्हणत, ‘तुले काय मालूम? तू होता का पेटीपाशी?’ दोघांपैकी कुणापाशीही पुरावा नव्हता. वाद रात्री जेवणाच्या ताटावरही चालला आणि पुढे कित्येक वर्षे पोळ्याला, दिवाळीला मामा आले की निघत राहिला.

पुढे मी राज्यशास्त्र शिकवू लागलो. राष्ट्रपतिपदाची निवडणूक हा पाठ दरवर्षी फळ्यावर मांडायचा असे, आणि दरवर्षी वहीतली ती कोरी जागा आठवायची. निवृत्तीनंतर ठरवले, की त्या जागेचा छडा लावायचा. हा लेख त्या खटाटोपातून निघाला आहे. पुसदचे मत सापडले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण शोधताना दुसरेच काही हाती लागले, आणि ते मामा-वडिलांच्या वादापेक्षा जास्त गंभीर आहे असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी, की या निवडणुकीचा निकाल जाहीर होतो तो राज्यवार. खासदारांची एक ओळ आणि प्रत्येक राज्याच्या विधानसभेची एक ओळ. महाराष्ट्राच्या ओळीत अमुक उमेदवाराला इतकी मते, तमुकला इतकी, अवैध इतकी. याच्या खाली काही नाही. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निकालात आपण तालुका, गाव, मतदान केंद्रापर्यंत उतरू शकतो. आमच्या वॉर्डातल्या कोणत्या शाळेत कुणाला किती, हे दुसऱ्या दिवशी पानटपरीवर पाठ असते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत राज्य हीच शेवटची पायरी. मतदान गुप्त, पक्षादेश काढता येत नाही, आणि राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची जी पद्धत आली, ती इथे लागू नाही. आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते, खासदाराला हिरवी. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, अक्षरांत नाही; आकडा मात्र कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो. म्हणजे पुसदच्या आमदाराने देवनागरी ‘१’ काढला तरी मत वैध. कोणत्या नावापुढे काढला, ते मात्र त्याचे त्यालाच ठाऊक.

आता पुसदचा या ओळींमधला प्रवास पाहा. पहिली निवडणूक मे १९५२ ची. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि के. टी. शहांना ९२,८२७ मते पडली. त्या वेळी पुसदचे आमदार वसंतराव नाईकच. पण ते बसत नागपूरच्या विधानसभेत, कारण आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि नाईक हे रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९५७ च्या निवडणुकीत पुसदचे मत अहमदाबाद-राजकोटच्या मतांबरोबर एका ओळीत मोजले गेले. १९६२ साली, राधाकृष्णन निवडून आले तेव्हा, ते प्रथमच महाराष्ट्राच्या ओळीत आले. पूस नदी आपल्या जागी, गहुली गाव आपल्या जागी, आमदारही तोच. दहा वर्षांत राज्याचा मथळा मात्र दोनदा बदलला. विदर्भाच्या इतिहासाविषयी लांबलचक भाषणे ऐकण्यापेक्षा ही तीन सालांची यादी विद्यार्थ्यांच्या जास्त लक्षात राहते, हा माझा वर्गातला अनुभव.

मथळा बदलला की मताचे वजनही बदलते. राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागा, त्याला पुन्हा हजाराने भागायचे; जे येईल ते त्या राज्यातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख ५३ हजार होती आणि १९६९ साली जागा २७०. भागाकार येतो १४६. मुख्यमंत्री नाईकांचे मत १४६ चे, आणि मागच्या बाकावरच्या अपक्षाचेही १४६ चे. खासदाराचे मत त्या वेळी ५७६ चे होते.

या आकड्यांनिशी १९६९ च्या निवडणुकीकडे परत गेलो, तेव्हा वडिलांच्या वहीतले पान एकदम जिवंत झाले.

झाकीर हुसेन ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डींचे नाव ठरवले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाणांनी मत दिले रेड्डींना, स. का. पाटलांनीही. मग चारपाच दिवसांत मोरारजींचे अर्थखाते काढून घेणे, १९ जुलैला बँकांचे राष्ट्रीयीकरण, आणि अखेर पंतप्रधानांचे ते प्रसिद्ध आवाहन, की प्रत्येकाने आपापल्या विवेकाने मत द्यावे. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होतेच. म्हणजे महाराष्ट्रातल्या काँग्रेसच्या आमदारापुढे अधिकृत उमेदवार एक, पंतप्रधानांचा कल दुसरीकडे, आणि राज्यातला सर्वांत मोठा नेता बंगळूरला पहिल्याच्या बाजूने हात वर करून आलेला. १९६७ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसचे २७० पैकी २०३ आमदार निवडून आले होते. या सर्वांना त्या १६ ऑगस्टला पडद्याआड जाऊन एक आकडा लिहायचा होता.

तिसरा उमेदवार होता मराठी माणूस. चिंतामणराव देशमुख : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून आलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या राजीनाम्याचे पोवाडे व्हावेत, असा हा उमेदवार तेरा वर्षांनी राष्ट्रपतिपदाला उभा राहिला तो जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. महाराष्ट्रात जनसंघाचे आमदार होते चार. मराठीपणाच्या नावावर पक्ष ओलांडून मत द्यावे, असे वातावरण त्या ऑगस्टमध्ये नव्हते. दिल्लीच्या भांडणाने बाकी सगळे झाकून टाकले होते. आमच्या ओट्यावरसुद्धा देशमुखांचे नाव निघाले ते शेवटी, आणि तेही आजोबांनी काढले म्हणून.

पहिल्या पसंतीत कुणालाच कोटा गाठता आला नाही. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७. म्हणून कोटा ४,१८,१६९. पंधरा उमेदवारांपैकी तेरा बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यात रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना अवघी १८,५६२. तरीही गिरी कोट्याच्या पुढे गेले, फक्त १,९०८ ने. १,९०८ ला १४६ ने भागा : महाराष्ट्रातले तेरा आमदार. दोघांमधले शेवटचे अंतर १४,६५० चे. निव्वळ हिशेबापुरते बोलायचे तर गिरींची ५१ मराठी आमदारांची मते तिकडून उचलून रेड्डींच्या पारड्यात टाकली असती, तर राष्ट्रपती बदलला असता. काँग्रेसच्या २०३ आमदारांचा हा जेमतेम चौथा हिस्सा. हे गणित मी पहिल्यांदा केले त्या रात्री मला मामांची फार आठवण झाली. इतकी वर्षे आम्ही त्या वादाला रिकामपणाचा उद्योग समजत होतो. तो तसा नव्हता. १४६ चे एक मत कुणीकडे गेले, हे विचारण्याजोगे होते.

गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. पदावर असलेला राष्ट्रपती साक्षीसाठी न्यायालयात येऊन बसला, असा तो प्रसंग. १९७० साली याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबर १९६९ मध्येच काँग्रेस फुटली होती. चव्हाण आणि नाईक दोघेही इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. यावरून मागे जाऊन ऑगस्टमधले मत ताडण्याचा मोह होतो. मामांच्या पश्चात मी वडिलांच्या बाजूने तसे करूनही पाहिले. पण नोव्हेंबरच्या निष्ठेवरून ऑगस्टची मतपत्रिका वाचणे हे संशोधन नव्हे.

रेड्डी पुढे १९७७ ला राष्ट्रपती झाले ते बिनविरोध; पुसदच्या मताची गरजच पडली नाही. त्याआधी १९७४ ला फखरुद्दीन अली अहमद निवडून आले, तेव्हा नाईक मुख्यमंत्री होतेच, आणि त्यांच्या मताचे वजन एकदम वाढले होते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ५ कोटी ४ लाख १२ हजारांवर पोचला होता. जागा अजून २७०. म्हणून १८७. त्यानंतरच्या पुनर्रचनेत जागा २८८ झाल्या. तीच लोकसंख्या जास्त वाटेकऱ्यांत विभागली गेली आणि मूल्य आले १७५ वर. ते आजही १७५ आहे. सुधाकरराव नाईक १९९२ ला मुख्यमंत्री असताना शंकरदयाळ शर्मा निवडून आले तेव्हा १७५, मनोहर नाईकांच्या काळात १७५, इंद्रनील नाईकांच्या काळात १७५. एका घराच्या तीन पिढ्या त्या पेटीपाशी जाऊन आल्या, पण आकडा हलला नाही.

तो हलत नाही याचे कारण १९७६ ची ४२वी घटनादुरुस्ती. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन कमी होऊ नये, म्हणून १९७१ चीच लोकसंख्या २००० पर्यंत धरावी असे ठरले. २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत लांबवली. आता घरातला हिशेब सांगतो. माझे वडील १९९४ साली गेले. पण १९७१ च्या शिरगणतीत ते आहेत, म्हणून राष्ट्रपती निवडताना ते आजही मोजले जातात. माझी मुलगी १९८६ ची, नात २०१५ ची. त्या दोघी नाहीत.

हे लक्षात आल्यावर मी चिडलो. महाराष्ट्रावर अन्याय होतो आहे, असे एक टिपणही लिहून काढले. मग शिस्त म्हणून २०११ च्या आकड्यांवर भागाकार मांडले. महाराष्ट्राचे १७५ चे ३९० होतात. उत्तर प्रदेशाचे २०८ चे ४९६, राजस्थानचे १२९ चे ३४३. तमिळनाडूचे १७६ चे ३०८ च, केरळचे १५२ चे २३९ च. म्हणजे आज तमिळनाडूचा आमदार आपल्या आमदारापेक्षा एका गुणाने वजनदार आहे, आणि नव्या मोजणीत तो बराच मागे पडेल. पण देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा १९७१ ला ९.२ टक्के होता आणि २०११ ला ९.३ टक्के. गोठवण्याने आपले जवळजवळ काहीच गेले नाही. राजस्थान, उत्तर प्रदेशाने तक्रार करावी तर समजू शकते. ते टिपण मी फाडून टाकले.

तरीही मनात काहीतरी डाचत होते, आणि ते सापडले राज्याच्या आत. १७५ हा पुसदचा आकडाच नाही; ती महाराष्ट्राची सरासरी आहे. मतदारसंघात माणसे किती, याचा त्या मूल्याशी संबंध नाही. एखाद्या भागाचे वजन ठरते ते तिथे आमदार किती यावर. आणि आमदारांची संख्या राज्याराज्यांत गोठवली असली, तरी राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर नव्याने आखल्या गेल्या. २००९ च्या विधानसभेपासून ती रचना आली. विदर्भाच्या जागा ६६ च्या ६२ झाल्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही एक कमी झाली. दारव्हा हे नाव मतदारसंघांच्या यादीतून गेले. ६६ गुणिले १७५ म्हणजे ११,५५०. ६२ गुणिले १७५ म्हणजे १०,८५०. सातशेंचा फरक. मुंबई-ठाणे-पुण्याकडे माणसे गेली, त्यांत आमच्या तालुक्यांतली मुलेही होतीच, आणि त्यांच्यामागून मतेही गेली.

कमी वाढलेल्या राज्याला घटनेने संरक्षण दिले. कमी वाढलेल्या विदर्भाला राज्याच्या आत तसे काही मिळाले नाही. राज्यवार निकालात हे दिसणार नाही, कारण महाराष्ट्राची बेरीज आधीही ५०,४०० होती आणि नंतरही ५०,४००. ज्या निकालाची शेवटची पायरी राज्य आहे, त्यात राज्याच्या आतली ही सरकासरक अदृश्यच राहते.

विदर्भाची ६६ मते शेवटची पडली ती २००७ ला, आणि ती निवडणूक आपल्या जवळची होती. प्रतिभाताई पाटील मूळच्या जळगावच्या, सासर अमरावतीचे. १९६७ ला वसंतराव नाईकांच्याच मंत्रिमंडळात त्या उपमंत्री झाल्या, १९७२ ला मंत्री. आमदार या नात्याने १९६९ ला त्यांच्याही हातात तीच गुलाबी पत्रिका होती. २००७ ला शिवसेनेने भाजपशी युती असूनही मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. चिंतामणरावांच्या वाट्याला १९६९ ला जे आले नाही, ते अडतीस वर्षांनी घडले. त्यांना ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६ मते मिळाली. निकालाच्या दिवशी पुसदच्या चौकात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

अलीकडचे दोन निकाल मी वडिलांच्या पद्धतीने वहीत उतरवले आहेत. २०१७ : महाराष्ट्रात रामनाथ कोविंद २०८, मीरा कुमार ७७, अवैध २. काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे मिळून २०१४ ला ८३ आमदार निवडून आले होते, हे शेजारी लिहून ठेवले आहे. २०२२ : द्रौपदी मुर्मू १८१, यशवंत सिन्हा ९८, अवैध ४. त्याआधी बरोबर चौदा दिवसांनी, ४ जुलैला, त्याच सभागृहात नव्या सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ असे मतदान झाले होते. तिथे प्रत्येक सदस्याचे डोके मोजले गेले आणि कोण कुठे उभा, हे साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. दुसऱ्या वेळी ठाकरे यांच्या शिवसेनेनेही मुर्मूंना पाठिंबा जाहीर केलेला, म्हणून आकडा फुगला. पण एकेक मत कुणाचे, ते पुन्हा झाकलेले. चार अवैध मतांचे मूल्य झाले ७००. त्या वर्षी एका खासदाराच्या मताचे मूल्यही ७०० च होते. आमदाराला आकडा काढता येत नाही, असे कोण म्हणेल? की मुद्दामच काढला नसेल? माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हे विचारले होते. मी त्याला मामांची गोष्ट सांगितली.

गुप्ततेबद्दल माझी तक्रार नाही. १९६९ ला आमदारांना मतपत्रिका दाखवावी लागली असती, तर निकाल काय लागला असता याची कल्पना करवत नाही. मतमूल्याबद्दल मात्र आहे, आणि ती आता मांडायची वेळ आली आहे. नव्या जनगणनेचे आकडे आले की १७५ जाईल, नवा भागाकार होईल, जागाही कदाचित वाढतील. दिल्लीत वाद होईल तो उत्तर आणि दक्षिण यांच्यात. त्या गोंगाटात, राज्याच्या आत पुसद, वणी, उमरखेडच्या वाट्याला काय येते याचा हिशेब कुणीतरी स्वतंत्र मांडायला हवा; राज्यवार निकालाच्या तक्त्यात तो कधीच उमटणार नाही.

वडिलांच्या वहीत २०२२ च्या पानावर मी महाराष्ट्राच्या ओळीखाली विदर्भाची एक ओळ वाढवली आहे : ६२ × १७५ = १०,८५०. त्याखाली पुसद लिहिले आहे, आणि पुढची जागा त्यांनी सोडली होती तशीच सोडली आहे.